हिरव्या पट्टीचा यजमान

अर्जातलं सातवं कलम इराने अकरा वेळा वाचलं. मोजून अकरा. ती प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली होती, आणि एखादी गोष्ट समजली नाही तर निदान ती किती वेळा समजली नाही याची नोंद ठेवावी, इतपत शास्त्रीय शिस्त तिच्या अंगात मुरली होती.

कलम असं होतं : 'उमेदवाराने चालू हंगामात अभयारण्यात स्वतः टिपलेल्या एका पक्ष्याचे छायाचित्र पडताळणीयोग्य रीतीने सादर करावे.'

जागा पक्षीनोंद सहायकाची होती. निफाडच्या पलीकडे बंधाऱ्याच्या पाण्यावर पक्ष्यांचं अभयारण्य आहे, तिथली. एकच जागा, तीही अकरा महिन्यांची. पण गेलं दीड वर्ष इरा पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षांची गोडी मोजत होती. एक मणी पिळायचा, यंत्राच्या काचेवर थेंब टाकायचा, आकडा वाचायचा, लिहायचा, काच पुसायची. दिवसाला दोनशे मणी. द्राक्षाबद्दल तिच्या मनात आता कुठलीही गोड भावना उरलेली नव्हती. आणि येत्या सोमवारी मालक कारभारीशेठ तिच्याकडून पुढच्या तीन वर्षांच्या करारावर सही घेणार होते. अर्जाची मुदतही सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत. म्हणजे तिचा जन्म मण्यांत जाणार की पक्ष्यांत, हे सातव्या कलमावर ठरणार होतं, आणि सातवं कलम काय म्हणतंय हेच कळत नव्हतं.

पक्षी पडताळायचा कसा? बगळ्याचा फोटो दिला, तर तो याच बंधाऱ्यावरचा, याच हिवाळ्यातला बगळा आहे हे बगळ्याने कसं सिद्ध करावं? त्याच्याकडे आधार कार्ड थोडंच असतं?

पंचवटीतल्या त्यांच्या इमारतीत अशी शंका घरात फार वेळ राहत नाही. बुधवारी संध्याकाळी ती जिन्यात आली आणि तळमजल्यावरच्या मालिनीताईंनी ती झेलली. त्या जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या. कागद या विषयात त्यांचा शब्द अखेरचा.

"पडताळणीयोग्य म्हणजे साक्षांकित," त्या म्हणाल्या. "तीन प्रती काढ. प्रत्येकीवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही."

"अधिकारी पक्ष्याला ओळखत नाहीत, मालिनीताई."

"ते उमेदवारालाही ओळखत नसतात. सही करतातच की. आणि हे बघ, रानात जाताना हिरवं घाल. भडक दिसलं की पक्षी उडतात."

दुसऱ्या मजल्यावरच्या देवव्रतरावांनी सांगितलं की पक्षी जवळ यायला शेव टाकावी, पण बारीक. आईचं म्हणणं असं की एवढ्या लांब जायचं तर सोबत लाडू हवेत आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस हवं. कॅमेरा कोणाचा, हा प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही. इराकडे कॅमेरा नव्हता.

कॅमेरा होता शेखरकडे. पिंपळगावला पॅकहाऊसच्या समोर त्याचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ. द्राक्षांच्या पेट्यांचे फोटो काढायला तो अधूनमधून यायचा, त्यामुळे ओळख. गुरुवारी इराने त्याला आपली अडचण सांगितली, तेव्हा तो सहज म्हणाला, "पक्षीच पाहिजे ना? माझ्या मामाचा हरभरा त्या बंधाऱ्याला लागून हे. तिथं हंस उतरलेत पंधरा दिवस झाले. एकाच्या गळ्यात हिरवा पट्टा हे. मामा म्हणतो, कोणीतरी पाळलेला सुटून आलाय. हात लावायचा नाय, मालक भांडायला येईल."

इराच्या हातातला मणी तसाच राहिला. "पट्ट्यावर काही लिहिलंय?"

"इंग्रजीत कायतरी हे म्हणे."

हंस नव्हे, पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असणारा, हिमालय ओलांडून येणारा पक्षी. मंगोलियाकडे अभ्यासक काही पक्ष्यांच्या गळ्यात पट्टी घालून सोडतात. पट्टीवर अक्षर आणि अंक असतात. ते कळवले की तो नेमका कोणता पक्षी, कुठून आला, सगळं उलगडतं. पडताळणीयोग्य म्हणतात ते याहून वेगळं काय असणार? सातवं कलम बाराव्या वाचनात इराला समजलं. निदान समजल्यासारखं वाटलं.

शनिवारी सकाळी शेखरच्या गाडीत चौघं नव्हे, तिघं निघाले. चौथी जागा लाडवांच्या डब्याने, शेवेच्या पुड्याने आणि शेखरच्या पांढऱ्या छत्रीने घेतली होती. ती छत्री उजेड नीट पडावा म्हणून असते. पक्ष्यावर उजेड पाडायची गरज नाही हे इराने सांगून पाहिलं. शेखर म्हणाला, "छत्रीशिवाय मी कधी गेलोच नाय."

घरातलं मोठं माणूस म्हणून आले होते चिंतामणकाका, इराच्या वडिलांचे थोरले भाऊ. काका गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, यात्रेकरूंचे तीर्थोपाध्ये. बाहेरगावचं कुटुंब, त्यांच्या भाषेत यजमान, आलं की त्यांचं गाव आणि आडनाव विचारायचं, वही उघडायची आणि त्यांच्या पणजोबांनी कोणत्या साली, कुणासोबत येऊन सही केली ते दाखवायचं, मग आताच्या पिढीची नोंद घ्यायची, हे त्यांच्याकडे सात पिढ्यांचं काम. लाल फडक्यात बांधलेली वही त्यांच्या काखेत होती.

"काका, वही कशाला? आपण पक्षी बघायला चाललोय."

"निफाडकडे आपले यजमान आहेत. वाटेत कोणी भेटलं तर?"

"पण भिजली, हरवली तर?"

"अगं, १९६९ च्या पुरातून वाचलीय ती. तुझ्या बदकांना काय भिते?"

एक तपशील राहिला. मालिनीताईंच्या सल्ल्यानुसार इराला हिरवं घालायचं होतं, आणि तिच्याकडे हिरवा असा एकच ड्रेस होता. मामेबहिणीच्या लग्नासाठी शिवलेला, जरीकाठाचा.

फाटकाशी भिकन नावाचा वनमजूर खुर्चीत बसला होता. त्याच्या मागे मोठी पाटी होती : 'अभयारण्यात लग्नपूर्व चित्रीकरण, साखरपुडा व तत्सम समारंभ करण्यास सक्त मनाई.' भिकनने आधी शेखरच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर कशिद्याने काढलेलं 'शुभमंगल फोटो' वाचलं. मग पांढरी छत्री पाहिली. मग जरीकाठ. मग धोतर, उपरणं, गंध आणि लाल फडक्यातली वही. मग लाडवांचा डबा.

तो सावकाश उठला. "नवरदेव मागून येतोय का?"

"कसला नवरदेव? आम्ही पक्ष्यांचे फोटो काढायला आलोय," इरा म्हणाली.

"ताई, मी हितं बारा वर्सं हाय. पक्षी बघाया लोक टोपी घालून येत्यात. भटजी घेऊन कोनी आलं नाय."

"मी एम.एस्सी. आहे."

"आसाल की. शिकल्याली मान्सं बी लगीन करत्यातच."

काकांना हा माणूस आवडला. कुणी आवडलं की ते एकच प्रश्न विचारतात. "तुमचं गाव कोणतं? आडनाव?" आणि त्यांनी फडकं सोडून वही उघडली.

भिकनने कपाळावर हात मारला. "रजिस्टर बी आनलंय! ताई, निदान खोटं तरी नका बोलू."

पुढचा पाऊण तास कसा गेला हे सांगायला इराचं शास्त्र अपुरं आहे. आपण जे नाही ते नाही आहोत हे सिद्ध करणं अत्यंत अवघड असतं, असं तिला कुठल्याशा तासाला शिकवलं होतं. त्याचं प्रात्यक्षिक आज झालं. भिकनने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, लेखी हमी घे आणि सोड. हमीचा नमुना नव्हता. साहेबांनी फोनवर सांगितला तो असा, आणि इराने तो स्वतःच्या सुवाच्य अक्षरात, नाव, पत्ता, तारीख व वेळेसह लिहिला :

'मी लिहून देते की, मी अभयारण्याच्या हद्दीत विवाह, साखरपुडा अगर तत्सम मंगलकार्य करणार नाही.'

"तिघांची सही लागंल," भिकन म्हणाला.

"माझं झालंय लग्न," शेखर म्हणाला. "बायको स्टुडिओतच असते, लावू का फोन? मी काय म्हणून लिहून देऊ?"

काकांची अडचण तात्त्विक होती. "मी लग्न करणार नाही हे खरंच. पण लावणार नाही असं लिहून देता येणार नाही. तो आमचा धर्म आहे. उद्या कुणी अडलं-नडलं आलं तर?"

शेवटी एकट्या इराची सही झाली. भिकनने दोन प्रतींवर तारखेचा शिक्का मारला, एक फायलीत ठेवली आणि दुसरी तिला दिली. "जपून ठेवा. आत कोनी इचारलं तर दाखवा." वयाच्या चोविसाव्या वर्षी, शासनाच्या शिक्क्यासह, लग्न न करण्याची हमी पर्समध्ये ठेवताना तिला आपण नक्की कशासाठी घरून निघालो होतो हे क्षणभर आठवेना.

पण बंधाऱ्यावर पोचल्यावर आठवलं. हरभऱ्याच्या कडेला, पाण्यालगत, चाळीसेक पट्टकादंब चरत होते. आणि डावीकडून सहाव्याच्या गळ्यात हिरवी पट्टी.

इराने कॅमेरा डोळ्याला लावला. अर्जात 'स्वतः' असं लिहिलेलं असल्याने तिने शेखरला हातही लावू दिला नाही. कॅमेऱ्याची अडचण वेगळीच होती. आयुष्यभर लग्नं केल्यामुळे त्याला माणसाचा चेहरा शोधायची सवय लागली होती. समोर चाळीस पक्षी असताना तो आपला कोपऱ्यातल्या चिंतामणकाकांकडे वळायचा आणि त्यांच्या नाकाभोवती एक पिवळी चौकट काढायचा.

"काका, जरा मागे व्हा ना."

"मी मागेच आहे. तोच माझ्याकडे बघतोय."

लक्ष ठेवायला भिकनही सोबत आला होता, आणि त्याच्या तिपाईवरच्या दुर्बिणीला काका डोळा लावून उभे होते. त्यांना जवळचं दिसत नाही, लांबचं मात्र गरुडासारखं. एकीकडे दुर्बिणीत बघत ते सवयीच्या हाताने वहीत काहीतरी लिहीत होते.

"काय लिहिताय?"

"एवढ्या लांबून आलेत. कोण, कुठले, सोबत किती जण, लिहायला नको?"

"ही माणसं नाहीत, काका! आणि फोटोत सगळं येतं. लिहायची काही गरजच नसते," इरा म्हणाली. जरा चिडूनच. दीड वर्ष दिवसाला दोनशे आकडे लिहिणाऱ्या मुलीने हे वाक्य उच्चारावं, याची नोंद घ्यायला हवी. पुढे ते तिला फार महागात पडलं.

तेवढ्यात तो पक्षी मान उंच करून वळला. पट्टी स्वच्छ दिसली. इराने एकोणीस फोटो काढले. मागच्या पडद्यावर मोठं करून पाहिलं : अक्षर, अंक, अंक. सगळं लख्ख. मग भिकनने लाडू खाताना टाळी वाजवून हात झटकले आणि चाळीसच्या चाळीस यजमान पाण्यापलीकडे निघून गेले.

अर्जाला मोठा, चकचकीत छापील फोटो हवा होता. शेखर म्हणाला, "कार्ड योगिनीकडं देतो. उद्या लग्नं आहेत, सोमवारी सकाळी तयार." योगिनी म्हणजे त्याची बायको. फोटो निवडणं, सजवणं, छापणं सगळं तिच्याकडे. इराने रविवारभर बाकीचा अर्ज तीनदा लिहून काढला आणि सोमवारी सकाळी सुट्टी टाकून स्टुडिओत हजर झाली.

योगिनीने लिफाफ्यातून फोटो काढून अभिमानाने काउंटरवर ठेवला.

फोटोत एक अतिशय गोरा पक्षी होता. त्याची मान लांब, नितळ, हंसासारखी. डोळे पाणीदार. चोच गुलाबी. गळा पूर्ण मोकळा.

"हे काय?" इरा म्हणाली. 

"छान झालाय ना? तिच्या गळ्यात हिरवं प्लास्टिक अडकलं होतं बिचारीच्या. काढून टाकलं. नवरीच्या गळ्यात मायक्रोफोनची वायर राहिली की आपण काढतो ना, तसंच."

"आणि डोक्यावरचे काळे पट्टे?"

"डाग होते ते? घालवले. दोन दिवसांपूर्वी एका नवरीच्या कपाळावर पुरळ होते, तिच्यापेक्षा हिचे सोपे गेले."

पट्टी गेली म्हणजे तो पक्षी कोणता ते गेलं. पट्टे गेले म्हणजे तो पट्टकादंब आहे हेही गेलं. उरला होता तो पक्षी प्राणिशास्त्राला अज्ञात होता.

"मूळ फोटो? एकोणीस होते," इरा म्हणाली.

योगिनीचा चेहरा उतरला. "लगीनसराई हे ना. एक चांगला निवडायचा, त्याच्यावरच काम करायचं, कार्ड रिकामं करून पुढच्या लग्नाला द्यायचं. त्या कार्डात आता कालची हळद हे. मला कोणी सांगितलंच नाय की ते पाहिजे होतं! मला वाटलं, पक्षी हे, सुंदर दिसायला पाहिजे."

इराला रागावताही येईना. योगिनीने जे केलं ते आपलं काम म्हणून, मन लावून केलं होतं. नितळ मानेला तर खरोखर दोन तास लागले असावेत.

"नंबर आठवतो का?" शेखरने विचारलं.

इरा डोळे मिटून उभी राहिली. अक्षर 'जे' होतं, बहुतेक. अंक दोन आणि सात. की सात आणि दोन? की पहिला एक होता? तिने चिठ्ठीवर शक्यता मांडल्या, सहा निघाल्या. सहांतली एक खरी. रस्त्यापलीकडे पॅकहाऊसच्या दारात कारभारीशेठ घड्याळ बघत उभे होते. त्यांच्या हातात करार होता. "झालं का, इराताई? दोन मिनिटांचं काम हे!" त्यांनी हाक मारली.

आणि मग इराला लाल फडकं आठवलं.

तिने तिथूनच फोन लावला. "काका, शनिवारी वहीत काय लिहिलंत?"

"का? फोटोत सगळं येतं ना?" काका म्हणाले. एवढं म्हणण्याचा त्यांचा हक्क होता, आणि त्यांनी तो पूर्ण वापरला. मग पानं उलटल्याचा आवाज आला. "मालिनीताईंना बोलावतो, जवळचं मला दिसत नाही." आणि पाचव्या मिनिटाला, जिल्हा परिषदेच्या खणखणीत आवाजात, वाचन सुरू झालं :

"'मार्गशीर्ष वद्य पंचमी, शनिवार, सकाळचा दुसरा प्रहर. पट्टकादंब एक, गाव उत्तरेस हिमालयापलीकडे. सोबत भाऊबंद सुमारे चाळीस. गळ्यात हिरवी पट्टी, त्यावर इंग्रजी अक्षर जे, पुढे अंक सात, मग दोन. उतारा हरभऱ्याच्या शेतालगत. मागील पिढी : चौकशी करणे. सही घेतली नाही, यजमान उडाले.' इरा, ही नोंद मी प्रमाणित करून देते. निवृत्त असले तरी शिक्का आहे माझ्याकडे."

"शिक्का नको, मालिनीताई. फक्त पानाची झेरॉक्स!"

"तीन प्रती," मालिनीताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

इरा रस्त्यापलीकडे गेली, कारभारीशेठना म्हणाली, "पाचनंतर बोलू," आणि नाशिकच्या बसमध्ये बसली. बसमध्ये तिने अर्जाला एक शुद्धिपत्र जोडलं, कारण खोटा फोटो देणं तिच्या रक्तात नव्हतं : 'छायाचित्रातील पक्षी व प्रत्यक्ष पक्षी यांत चार फरक आहेत. एक, प्रत्यक्ष पक्ष्याच्या डोक्यावर दोन काळे पट्टे आहेत. दोन, गळ्यात हिरवी पट्टी आहे. तीन, चोच एवढी गुलाबी नाही. चार, डोळे बेताचे आहेत.' पण आपण शनिवारी खरंच तिथे होतो याचा पुरावा? पर्स उघडली तर तो होता. शासकीय शिक्क्याचा, तारीख-वेळेसह. पाचला सात मिनिटं कमी असताना वनकार्यालयाच्या खिडकीतल्या कारकुनाने कागद मोजून घेतले : फोटो, शुद्धिपत्र, तीर्थोपाध्यायांच्या वहीचा उतारा, विवाह न करण्याची हमी.

त्याने चष्म्यावरून इराकडे पाहिलं. "जागा पक्ष्यांचीच आहे ना?"

"मलाही तसंच वाटत होतं," इरा म्हणाली.

कारभारीशेठना तिने नाही म्हटलं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "द्राक्ष कधी उडून जात नाय, पोरी." पुढचे तीन आठवडे इरा घरी बसून या वाक्याचा विचार करत होती. ते बरोबर होतं, हीच पंचाईत.

मग पत्र आलं. कार्यालयाने पट्टीचा क्रमांक कळवला होता आणि उत्तर आलं होतं : जे बहात्तर, मादी, दोन उन्हाळ्यांपूर्वी मंगोलियातल्या एका सरोवरावर पट्टी घातलेली, तिची भारतातली ही पहिलीच नोंद. पडताळणी पूर्ण. इराची नियुक्ती मंजूर. तळटीप : 'हमीपत्राची मूळ प्रत सेवापुस्तकात कायम ठेवावी.' तळटीप वाचून आई देवघरासमोर बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

काकांनी मात्र वही काढली, लेखणी इराच्या हातात दिली आणि 'चौकशी करणे' यावर रेघ मारून पुढे सरोवराचं नाव लिहायला लावलं. "आता हिची पोरं येतील तेव्हा," ते म्हणाले, "आई कोणत्या साली आली होती ते सांगायला आपल्याकडे असेल."

पहिल्या दिवशी इरा सकाळी सातला फाटकाशी पोचली. टोपी घालून. भिकन उठून उभा राहिला, सलाम केला, पण फाटक उघडेना.

"ताई, घोटाळा झालाय. साहेब म्हनत्यात, ती हमी त्या दिवसापुरती व्हती. तुम्ही तर आता रोज येनार."

"मग?"

"मग रोज लिहावी लागंल का, इचारलं. त्ये म्हनले, नियम बघून सांगतो. तवर लिहून घे." त्याने कोरा कागद पुढे केला.

पाण्याकडून पट्टकादंबांचा आवाज येत होता. इराने वाद घातला नाही. कागद गुडघ्यावर घेऊन तिने सुवाच्य अक्षरात नाव, पत्ता, तारीख आणि वेळ घातली, हमीचं ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं, सही केली. मग जरा विचार करून, नेमकेपणासाठी, कंसात एक शब्द जोडला : आजपुरते.